दम लागतो, पण कशानं?

गटाची बैठक सुरू असेल तर हिशेबाची वही जरा वेळ मिटून ठेवा. आज मी दमाबद्दल बोलणार आहे. दमा नव्हे, दम. दमा हा एक आजार आहे. दम लागणं ही तक्रार आहे, आणि ती पुष्कळ आजारांत असते. हा फरक ध्यानात राहिला तर माझं अर्धं काम झालं.

मी आधी आशा होते, आता गटप्रवर्तक आहे. एटापल्ली तालुक्यातल्या गावांत फिरते आणि पेशंटसोबत दवाखान्यात जाते, कधी आलापल्ली-अहेरीला, कधी गडचिरोलीला, चंद्रपूरला, नागपूरला. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. रांगेत उभी राहून, केसपेपर धरून, डॉक्टरांना चार प्रश्न विचारून जे समजलं ते सांगते. आणि हे बोलण्याआधी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वाचून घेतलं आहे, म्हणून निर्धास्त ऐका.

आपल्याकडची बाई म्हणते, "दम लागते जी." बस, तेवढंच. चढावर लागतो की बसल्या जागी, सकाळी की संध्याकाळी, उभं असताना की आडवं झाल्यावर, हे कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. माडिया बोलणारी बाई घरी आपल्या बहिणीला सगळं बारीक सांगते. आशाताई त्याचं मराठी करते. पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात कोणीतरी त्याचं हिंदी करतं. नागपूरला मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचता पोचता त्या सगळ्या सांगण्यातून 'दम' एवढा एकच शब्द उरतो. आणि एका शब्दावरून कोणता डॉक्टर काय ओळखणार? म्हणून मी म्हणते, निदान दवाखान्यात होतं, पण त्याची सुरुवात आपल्या अंगणातल्या सांगण्यातून होते.

आधी नेहमीची कारणं. ती तपासल्याशिवाय पुढच्या मोठ्या आजाराचा विचार करायचा नाही. पहिलं रक्त. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, गरोदरपणात 11 च्या खाली. 2019-21 च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी निघालं होतं. रक्त सात-आठवर आलं की बाई गुंडी डोक्यावर घेऊन चढताना मधेच थांबते. लोहाच्या गोळ्या नेमानं घेतल्या आणि जंताची गोळी घेतली तर हा दम हटतो. नाही हटला तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते बघा. आपल्या भागात तो आजार आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारची त्याची मोहीमही सुरू आहे, तरी वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या पोरी मला अजून भेटतात. सिकलसेलवाल्या पोरीला ताप, छातीत दुखणं आणि दम हे एकदम आलं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासायचा. ते तर आता लहान पोरालाही ठाऊक आहे. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होतात, बिडी न ओढणाऱ्या आजीचीही होतात. रस्त्यावर ट्रकांची धूळ आहेच. आणि एक कारण बाळंतपणात उघडं पडतं, ते म्हणजे हृदयाची झडप. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असतो, घरात कोणाला आठवतही नसतं. त्यात झडप आकसते. पुढे पोटात बाळ वाढायला लागलं की हृदयावर ताण येतो आणि बाईला दम लागतो. सासू म्हणते, पहिलटकरणीला लागतोच. लागतो थोडा, पण आडवं पडता येत नाही इतका लागला तर हृदयाची इको तपासणी झालीच पाहिजे.

श्वास मोजणं ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या गावांत लहान मुलांचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखायला गावातल्याच माणसांना शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन केलं. 1990 साली त्यावरचा अभ्यास 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे जगभर त्याची दखल घेतली गेली. वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 50 आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 श्वास झाले की धोका, हे आपल्यातल्या किती तरी बायांना पाठ आहे. (दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र 60.) पण मोठ्या बाईचे श्वास आपण कधी मोजतो का? शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20 असतात. बसल्या बसल्या 30 झाले तर ते भारी दुखणं समजायचं.

आता मुद्द्यावर येते. रक्त बरं आहे, बेडका साफ आहे, एक्स-रे साफ आहे, हृदयाची पट्टी साफ आहे, बोटाला लावायच्या मशीनवर 98 दिसते, आणि तरीही बाई म्हणते दम लागतो. मग काय? बहुतेक वेळा तिला 'टेन्शन आहे' असं सांगून घरी पाठवतात.

लोहाराचा भाता पाहिला आहे ना? भात्याचं चामडं चांगलं आहे, नळी मोकळी आहे, कोळसा पेटलेला आहे, पण भाता ओढणाऱ्याच्या हातात जोरच नाही. मग आग फुलेल का? आपली छाती हा तसाच भाता आहे. फुप्फुस स्वतः हलत नाही, त्याला स्नायू हलवतात. छाती आणि पोट यांच्या मधे एक मोठा पडदा असतो, तो खाली सरकला की श्वास आत येतो. बरगड्यांमधले स्नायू मदत करतात. या स्नायूंना हलायचा निरोप मेंदूकडून नसेतून येतो. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, निरोपाची. या निरोपाच्या वाटेत कुठेही खोट आली, नसेत, स्नायूत, किंवा नस जिथे स्नायूला भेटते त्या सांध्यात, तर फुप्फुस चांगलं असूनही बाईला श्वास पुरत नाही. एक्स-रेमध्ये फुप्फुसाचा फोटो येतो, भाता ओढणाऱ्या हाताचा जोर त्यात दिसत नाही.

माझ्या जावेची गोष्ट सांगते. तिनंच सांगायला सांगितलं आहे. वय 34, गटाची सचिव. दोन वर्षांमागे रोवणीच्या दिवसांत तिची डावी पापणी संध्याकाळी खाली यायची. आम्ही थट्टा करायचो, झोप लागली का म्हणून. सकाळी पापणी एकदम ठीक. मग खर्रा चघळताना जबडा मधेच थकायला लागला. घरचे म्हणाले, बरं झालं, खर्रा सुटला. बैठकीत ती ठराव वाचायची तेव्हा पहिल्या चार ओळी खणखणीत, आणि शेवटाला आवाज नाकातून यायचा. एकदा पाणी पिताना नाकातून बाहेर आलं. हे सगळं सुटं सुटं होतं. मग दम सुरू झाला. मला म्हणाली, "आडवी झाली का छातीवर कोणी बसल्यावाणी वाटते." रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची.

दवाखाने सुरू झाले. बेडका दोनदा तपासला, काही नाही. रक्त 9.4 होतं, गोळ्यांनी 11.6 वर आलं, दम तसाच. एका खासगी डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, पैसे गेले, फरक नाही. दुसऱ्यांनी सगळे कागद पाहिले, बोटाला मशीन लावलं आणि म्हणाले, हे मनाचं आहे, नवऱ्याशी भांडण वगैरे आहे का? झोपेची गोळी लिहून दिली. ती घेतल्यावर दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तिला उठवता उठवेना, आणि उठली तर डोकं फुटल्यासारखं दुखत होतं. नंतर कळलं, श्वासाचे स्नायू अशक्त असले तर झोपेच्या गोळीनं श्वास आणखी मंदावतो, रात्रभर अंगातली खराब हवा बाहेर पडत नाही, आणि सकाळी डोकं दुखतं. बोटावरच्या मशीनला ती खराब हवा मोजता येत नाही, ते फक्त ऑक्सिजन मोजतं. श्वासाचे स्नायू थकत चाललेल्या बाईचा तो आकडा शेवटपर्यंत बरा दिसू शकतो. म्हणून 98 दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका.

गावात पुजाऱ्याकडेही नेलं होतं. त्याचा मला राग नाही. पुजाऱ्यानं तिचं अर्धा तास ऐकलं, दवाखान्यांत कोणी पाच मिनिटं ऐकलं नव्हतं. शेवटी पुजारीच म्हणाला, पापणी खाली येते हे माझ्याकडचं नाही, दाखवा कुठे.

मग सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर भेटले, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी जास्त असतं की संध्याकाळी?" दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी जावेला वरच्या पंख्याकडे एकटक बघायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. मग त्यांनी लसीच्या डब्यातला बर्फाचा पॅक आणवला, फडक्यात गुंडाळून डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. पॅक काढला तर पापणी वर! मी तिथेच उभी होते. ज्या पॅकमध्ये मी इतकी वर्षं पोलिओची लस वाहिली त्याचा असाही उपयोग असतो हे मला पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, बर्फानं आजार बरा होत नाही, फक्त थोडा वेळ निरोप नीट पोचतो, आणि त्यावरून आम्हाला दिशा कळते.

दिशा होती 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस' नावाच्या आजाराची. यात नस निरोप नीट पाठवते, पण स्नायूच्या दारावर जी कडी असते तिच्यावर शरीराचीच संरक्षण करणारी द्रव्यं चढून बसतात. पहिले काही निरोप पोचतात, पुढचे अडतात. म्हणून काम करता करता स्नायू थकतो, विसावा घेतला की परत चालतो. तरुण बाया आणि उतारवयातले पुरुष यांच्यात हा जास्त दिसतो. अमिताभ बच्चन यांना 1984 साली हाच आजार निघाला होता, 'कुली'च्या अपघातानंतर दोन वर्षांनी. आजही ते काम करत आहेत. जावेला हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

पुढे नागपूर. गटानं सहा हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं, कारण तपासणी फुकट असली तरी बस, जेवण आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी फुकट नसते. तिथे हाताच्या आणि चेहऱ्याच्या नसेला पुन्हा पुन्हा बारीक करंट देऊन स्नायूचा जोर उतरतो का ते मशीनवर पाहिलं. थोडं टोचल्यासारखं होतं, घाबरू नका. फुंकायची तपासणी आधी बसवून केली, मग आडवं झोपवून. आडवी झाल्यावर तिचा आकडा बराच खाली गेला, म्हणजे पोटाचा पडदा अशक्त. छातीचा सीटी स्कॅन केला, कारण या आजारात छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत कधी कधी गाठ असते. तिच्यात नव्हती. स्नायूंतून गळणाऱ्या द्रव्याची आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली. दारावर चढून बसणाऱ्या त्या द्रव्यांसाठी रक्त बाहेर पाठवलं.

आणि तो रिपोर्ट आला 'निगेटिव्ह'. आमचे पाय गळाले. परत तेच? पण तिथल्या मॅडमनी समजावलं, आजार अंगभर पसरलेल्या दहा जणांत एक-दोघांचा हा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या जातीच्या द्रव्याची तपासणी करायची. तोवर त्यांनी गोळी सुरू केली. तासाभरात जावेनं पुरी थाळी न थांबता खाल्ली. तरी मॅडम म्हणाल्या, गोळी लागू पडली हे चांगलं लक्षण आहे, पण मी अजून पक्कं लिहीत नाही. केसपेपरवर आजाराच्या नावाआधी 'संभव' असंच लिहिलं आहे. दुसरा रिपोर्ट यायचा आहे, तिसरी फेरी बाकी आहे. मला त्यांचं हे वागणं पटलं. खोटा पक्का शब्द देण्यापेक्षा खरा कच्चा शब्द बरा. पण घरच्यांना ते सांगणं कठीण जातं. सासरे रोज विचारतात, "नाव काय म्हणे दुखण्याचं?"

आता हा एकच आजार नाही. काही आजारांत स्नायू स्वतःच झिजतात, ते घराण्यात चालत येतात, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. आधी जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात, पुढे श्वासावर येतं. त्यांतल्या पुष्कळांवर अजून औषध नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. पण रात्री मास्क लावून श्वासाला मदत करणारं मशीन मिळालं तर माणूस शांत झोपतो, सकाळचं डोकं दुखणं जातं. म्हणून औषध नसलं तरी नाव कळणं फुकट जात नाही.

काही आजार मात्र दिवसांत वाढतात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात 'गुइलेन बॅरे सिंड्रोम'ची, म्हणजे 'जीबीएस'ची साथ आली, ती रेडिओवर, मोबाइलवर तुम्ही ऐकली असेल. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले, कित्येकांना श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं, काही दगावले. रुग्णांच्या तपासणीत जुलाब करणारे जंतू सापडले आणि संशय खराब पाण्यावर गेला. या आजारात जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या येतात, पाय लटपटतात, आणि अशक्तपणा खालून वर चढत जातो. पाय, मग हात, मग श्वास. वेळेवर इंजेक्शन किंवा रक्तातलं पाणी बदलण्याचा उपचार मिळाला तर बहुतेक माणसं पुन्हा चालायला लागतात. हा आजार पुण्याचा नाही, कुठेही एखाददुसरा होतो. आपल्याकडे कोणाला झाला तर 'वारं गेलं' म्हणून मालिश करत बसतात. मालिश करण्यात दिवस घालवू नका.

आणि आपल्या पावसाळ्यातला सगळ्यात झटपट प्रकार म्हणजे मण्यार. हा साप रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याची खूण दिसत नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे माणूस म्हणतो पोट दुखतं, गळा धरला, डोळे उघडत नाहीत. मग श्वास. तेही निरोपाच्या वाटेवरचंच विष. पावसाळ्यात, रात्री झोपेपर्यंत ठीक असलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या खाली आल्या तर साप दिसला की नाही हे विचारत बसू नका, 108 ला फोन करा. फोन लागत नसेल तर जी गाडी मिळेल ती. वाटेत श्वास थांबला तर तोंडानं किंवा पिशवीनं श्वास देत राहिलं की माणूस वाचू शकतो, कारण हृदय चालू असतं.

गटात करून बघण्यासारखं एक काम सांगते. एक खोल श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात, बोलण्याच्या आवाजात, एक, दोन, तीन म्हणत जा. मधे श्वास घ्यायचा नाही. धडधाकट बाई तीस-चाळीसच्या पुढे सहज जाते. जिला नेहमी दम लागतो तिचा आकडा वहीत तारखेसकट लिहून ठेवा. आठवड्यानं परत. आकडा खाली खाली येत असेल तर डॉक्टरांना ती वही दाखवा. पंधरा-वीसच्या आतच थांबत असेल तर वही दाखवायला पुढच्या बाजाराची वाट पाहू नका. मोठ्या दवाखान्यांतही डॉक्टर हे करतात, यात अडाणीपणा काही नाही. आडवं पडून उशीवरून डोकं उचलता येतं का, हेही पाहायचं. मान अशक्त असली तर श्वासाचा पडदाही बहुधा अशक्त असतो.

पण ही लक्षणं दिसली तर मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं: बसल्या बसल्या दम, एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, थुंकी गिळता येत नाही, खोकायला जोर नाही, श्वास आत घेताना पोट फुगण्याऐवजी आत जातं, बाई गुंगीत जाते. नेताना तिला आडवं झोपवू नका, टेकवून बसवा. आणि गिळता येत नसेल तर पाणी पाजू नका, प्रेमानंसुद्धा.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर दोन व्हिडिओ घेऊन जा, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. चेहरा दिसेल, नाव सांगेल, थोडं बोलेल, एवढं पुरे. जावेच्या वेळी दवाखान्यात नेहमी सकाळची पाळी असायची, त्या वेळी तिची पापणी वर. रोग घरी राहायचा आणि आम्ही दवाखान्यात जायचो. संध्याकाळचा व्हिडिओ दाखवला तेव्हा नागपूरच्या मॅडमनी तो तीनदा पाहिला.

एक कापडी पिशवी करा आणि सगळे कागद तारखेनं लावा, जुना खाली, नवा वर. एक्स-रे दुमडू नका. गोळीचं रिकामं पाकीट टाकू नका, त्यावरून औषध कळतं. कुठं जायचं तर आधी आपल्या आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. तिच्यावर 'न्यूरॉलॉजी' हा शब्द लिहून मागा. नसांच्या डॉक्टरांचा विभाग त्या नावानं असतो, नाहीतर छातीच्या विभागात एक दिवस जातो. चंद्रपूरला आणि आता गडचिरोलीलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ठरलेल्या यादीतलेच आणि भरती असताना. म्हणून रेशनकार्ड, आधार पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. त्याला आजाराचं नाव दाखवून विचारा, यादीत आहे का. स्नायू झिजण्याचा आजार, सिकलसेल आणि मज्जासंस्थेचे जुनाट आजार हे 2016 च्या कायद्यानं अपंगत्वात मोडतात. प्रमाणपत्र लागू होतं का ते डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

आता शेवटचं, आणि आपल्या तालुक्यासाठी सगळ्यात नेमकं. मायस्थेनियाच्या पेशंटला काही साधी औषधंही बाधतात, त्यांनी स्नायूंचा जोर एकदम उतरतो. मलेरियाची क्लोरोक्वीन आणि क्विनीन, जेंटामायसिनचं इंजेक्शन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन या गोळ्या, बाळंतपणात झटके थांबवायला देतात ते मॅग्नेशियमचं इंजेक्शन. आपल्याकडे तर पावसाळ्यात घराघरात मलेरिया. म्हणून मलेरियाचा उपचार टाळायचा असं मुळीच नाही, मलेरियानं माणूस मरतो. उपचार करायचाच, पण देणाऱ्याला आधी आजार सांगायचा, मग डॉक्टर दुसरं औषध निवडतील किंवा पेशंटला नजरेखाली ठेवून देतील. जावेच्या मॅडमनी ही सगळी नावं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिली. एक चिठ्ठी तिच्या पिशवीत आहे, एक नवऱ्याच्या खिशात. तिसरी तिच्या गावच्या आशाताईकडे दिली आहे, कारण ताप आला की मलेरियाची गोळी घेऊन दारात येणारी तीच असते.